बे त्रिक सहा, मग २ चा ३ रा घात आठ कसा?

गेल्या अंकात जाता जाता एवढंच लिहिलं होतं की सातवीत घातांकाचा धडा कच्चा राहिला तर पोरं पार दहावीपर्यंत त्यात अडखळतात, आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त घातांकच घेतलाय. एक गोष्ट आधीच सांगते, टाईप करताना मला तो वरचा बारका आकडा काही काढता येत नाही, म्हणून ^ ही टोपी वापरलीय. २^५ असं दिसलं की '२ चा ५ वा घात' असं वाचायचं, म्हणजे २ × २ × २ × २ × २. खालचा २ तो पाया, वरचा ५ तो घातांक.

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. २^३ किती विचारलं की ६ म्हणतो. शंभरदा समजावलं, वहीत दहा दहा वेळा लिहून घेतलं, त्या दिवशी बरोबर करतो आणि दुसऱ्या दिवशी परत ६. परवा टेस्टमध्ये ५^२ = १० लिहून आला. याचं लक्ष नाही की डोकंच चालत नाही तेच कळत नाहीये. — एक आई, डोंबिवली

ताई, डोकं व्यवस्थित चालतंय त्याचं, उलट पाढे पक्के पाठ आहेत म्हणून तर हे होतंय. २ आणि ३ शेजारी शेजारी दिसले की तोंडातून आपोआप 'बे त्रिक सहा' बाहेर पडतं, कारण इतकी वर्षं आपणच ते घोकून घेतलंय, आणि तो वरचा आकडा बारका आहे, टोपीसारखा बसलाय, हे डोळ्याला कळायच्या आत तोंड मोकळं झालेलं असतं. पुन्हा पुन्हा लिहून घेऊन यात काही होत नाही, हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे असतं.

दुसरं एक, हे आम्हा शिक्षकांचं पाप आहे. बऱ्याच वर्गांत पहिलं उदाहरण देतात २^२. आता २^२ पण ४ आणि २ × २ पण ४, म्हणजे पहिल्याच उदाहरणात चुकीची पद्धतसुद्धा बरोबर उत्तर देते! मुलाला वाटतं, अरे सोपं आहे, खालचा आकडा गुणिले वरचा आकडा, झालं. तिथे जे डोक्यात बसतं ते मग निघता निघत नाही. माझ्या मते २^२ ला पहिल्या आठवड्यात वर्गात पाऊलच ठेवू देऊ नये. त्यापेक्षा १०^३ ने सुरुवात करा, १०^३ म्हणजे ३० असं सहसा कोणी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी दहा दहे शंभर, शंभर दहे हजार म्हणताना त्याचं त्यालाच हसू येतं.

घरी करायचं काय, तर पाढ्याचा काटा पाढ्यानेच काढायचा. २^३ दिसलं की त्याने उत्तर सांगायचं नाही, मोठ्याने म्हणायचं: एक दुणे दोन, दोन दुणे चार, चार दुणे आठ. तीन वेळा 'दुणे' आलं, बोटं मोडत मोजायचं, थांबायचं. ३^४ असेल तर एक त्रिक तीन, तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी. एकापासून सुरुवात करायची हे मात्र सोडू नका, का ते खाली आजोबांच्या प्रश्नात येईल.

आणि 'स्वतःला तीन वेळा गुणायचं' असं त्याला सांगू नका. २ × २ × २ मध्ये गुणाकाराची चिन्हं दोनच आहेत, त्यामुळे जी मुलं शब्द नीट ऐकतात ती बरोब्बर तीन चिन्हं घालतात आणि २^३ = १६ आणतात, आणि वर आपणच त्यांना ओरडतो. 'एकापासून निघून तीन वेळा दुप्पट' असं म्हणा. वरचा आकडा गुणायला नाहीच आहे, तो फक्त मोजतो, किती वेळा केलं ते.

प्रश्न: मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. घातांकाचा पहिला तास कसा घ्यावा? मी पाया, घातांक या व्याख्या फळ्यावर लिहिते, मग नियम देते, मुलं गणितं सोडवतात, पण दिवाळीची सुट्टी झाली की पाटी कोरी. प्रोजेक्टर वगैरे काही नाही. — एक शिक्षिका, अकोले तालुका

प्रोजेक्टर नाही हे बरंच आहे, रद्दी पेपर आहे ना? तेवढा पुरे.

पहिल्या तासाला घातांक हा शब्दच उच्चारू नका. प्रत्येक मुलाला पेपरचं एक एक पान द्या. फळ्यावर दोन रकाने करा, घड्या आणि थर. आणि एकही घडी घालायच्या आधी विचारा, आत्ता थर किती? मुलं म्हणतील एक. लिहा: घड्या ०, थर १. ही ओळ चुकूनही गाळू नका, महिन्याभराने तीच तुमचा जीव वाचवणार आहे. मग एक घडी, २ थर. दुसरी, ४. तिसरी, ८. चौथी, १६. सहाव्या घडीपर्यंत वर्गात दंगा सुरू झालेला असतो, कोणी गुडघ्याने दाबतंय, कोणी त्यावर बसलंय, आणि सातव्या घडीला बहुतेक सगळे हात टेकतात. सातवी जमली तर १२८ थर. मोठ्यांनाही साध्या कागदाच्या याच्यापुढे फारशा घड्या जमत नाहीत, पण २००२ मध्ये अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळकरी मुलीने सुमारे १२०० मीटर लांब टॉयलेट पेपर घेऊन १२ घड्या घालून दाखवल्या होत्या, हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात तो पेपर मिळतो कुठे.

आता खरा भाग. मुलांना सांगा, समजा २० घड्या घालता आल्या असत्या तर थर किती, फक्त गुणाकार लिहा, करू नका. बिचारी लिहायला लागतात, २ × २ × २ × २... ओळ संपते, खाली येतात, कितवा दोन चाललाय ते विसरतात. शेजाऱ्याची वही घेऊन मोजायला लावा, कोणाचे १९ निघतील, कोणाचे २१. मुलं वैतागली पाहिजेत. चांगली दहा मिनिटं वैतागू द्या, घाई करून उत्तर देऊन टाकू नका, कारण घातांकाची खूण माणसाने याच वैतागातून काढलीय. मग म्हणा, हे थोडक्यात लिहायची काहीतरी युक्ती तुम्हीच काढा बघू. माझ्या वर्गात एकाने २ लिहून त्याच्या पोटात २० लिहिले होते, एकीने २ च्या खाली वीस टिंबं दिली होती, एक जण म्हणाला 'दोन-वीसदा' असं सरळ शब्दात लिहू. सगळं फळ्यावर घ्या, भांडू द्या. आणि मग सांगा की वरच्या कोपऱ्यात बारका आकडा लिहायची पद्धत १६३७ साली देकार्त नावाच्या फ्रेंच माणसाने त्याच्या भूमितीच्या पुस्तकात वापरली आणि ती जगभर टिकली, पण गंमत अशी की वर्गासाठी, म्हणजे दुसऱ्या घातासाठी, हा बाबा स्वतः तेच अक्षर दोनदा लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे तुमची पोरं काढतील त्या खुणा काही अगदीच वेडगळ नसतात.

मग उंची. ५०० कागदांचं रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर, हा भागाकार मुलांनाच करू द्या. १० घड्या घातल्या तर १०२४ थर, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. मुलं म्हणतात एवढंच? २० घड्या, १० लाख ४८ हजार ५७६ थर, जवळजवळ १०५ मीटर. आणि आता तुम्ही अकोले तालुक्यातल्या आहात म्हणून खास तुमच्यासाठी: तुमच्या मुलांना खिडकीतून दिसत असेल किंवा निदान यात्रेला तरी गेली असतील ते कळसूबाई, १६४६ मीटर. किती घड्यांत गाठू? आधी अंदाज घ्या, लाख, दहा लाख, काय वाट्टेल ते येतं. उत्तर आहे २४. चोवीस घड्यांना १६७७ मीटर होतात, शिखरावरच्या देवळाच्याही वर. आणि तेविसाव्या घडीला आपण कुठे असतो? ८३९ मीटरवर, म्हणजे जेमतेम अर्ध्या डोंगरात. तेवीस घड्या घालून अर्धा डोंगर, आणि उरलेला सगळा एका घडीत. इथे वर्ग गप्प होतो बघा. दोनाच्या घातात काय ताकद असते ते मला वाटतं या एका आकड्यात कळतं, व्याख्येत नाही कळत.

पाया, घातांक हे शब्द दुसऱ्या दिवशी द्या, तोवर त्यांना त्या वस्तूचं नाव हवंसं झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी घराण्याची गोष्ट काढा. मी एक. आईबाबा २. दोन्हीकडचे आजी-आजोबा ४. पणजी-पणजोबा ८. खापरपणजी-खापरपणजोबा १६. इथेही 'मी' म्हणजे शून्य पिढ्या मागे, एक माणूस, परत तीच पहिली ओळ. एकदा मी हे ऐटीत फळ्यावर लिहीत होते तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, बाई माझे पणजी-पणजोबा सहाच आहेत. मी म्हटलं मोज नीट. तिने मोजले, सहाच. तिचे आईबाबा आते-मामेभावंडं होती, म्हणजे आईचे वडील आणि बाबांची आई सख्खे बहीण-भाऊ, त्यामुळे वरचं एक जोडपं दोन्हीकडून तेच. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत किती घरांत आहे, आणि माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! नंतर त्याच मुलीने उलगडा केला एका मोठ्या प्रश्नाचा: ३० पिढ्या मागे गेलं तर हिशेबाने १०७ कोटींच्या वर पूर्वज होतात, तेवढी माणसं तेव्हा अख्ख्या जगात नव्हती, मग हे कसं? ती म्हणाली, बाई सगळ्यांच्याच घरात मागे कुठेतरी तेच तेच परत आलेले असणार.

नेहमी २ च पाया घेऊ नका, नाहीतर मुलांना घातांक म्हणजे दुप्पट असंच वाटायला लागतं. बेकरीतली खारी आणा, मैद्याची लाटी लोण्याचा किंवा वनस्पती तुपाचा हात देऊन तीन पदरी दुमडली की ३, ती लाटून परत तीन पदरी ९, मग २७, ८१. खायलाही मिळते.

आणि १० साठी पेपरातली बातमीच घ्या. २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर धरला होता. लाख कोटी म्हणजे काय हो? लाख म्हणजे १०^५, कोटी म्हणजे १०^७, दोघांचा गुणाकार १०^१२, कारण पाच शून्यं आणि सात शून्यं मिळून बारा. झाला की नाही घातांकांच्या बेरजेचा नियम, आणि तो सगळे न्यूज चॅनेलवाले रोज बोलतात. आपल्याकडे तर ही सवय जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत एक, दश, शत, सहस्र पासून परार्धापर्यंत अठरा नावं दिलीत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट, म्हणजे परार्ध झालं १०^१७. घातांकाची खूण नव्हती पण प्रत्येक घाताला स्वतःचं नाव होतं.

नियमांबद्दल एवढंच की ते देऊ नका, सापडू द्या. २^३ × २^४? कागदाला आधी ३ घड्या घातल्या, मग त्याच घडीला अजून ४, एकूण ७, म्हणजे २^७. ८ × १६ = १२८, जुळलं. भागाकार म्हणजे घड्या उलगडणं. जो मुलगा हे हाताने करतो तो ४^७ किंवा २^१२ लिहीत नाही, आणि लिहिलंच तर त्याला विचारा, एवढ्या घड्या कधी घातल्यास? बेरजेला मात्र सावध करा, २^३ + २^४ म्हणजे ८ + १६ = २४, तिथे नियमबियम काही लागत नाही, सरळ हिशेब करायचा. नियम पाठ असलेली हुशार मुलंच इथे २^७ लिहून येतात.

प्रश्न: माझं वय ८१. नातू सातवीत. त्याने विचारले, आजोबा, २^० बरोबर १ कसे? दोनाला शून्य वेळा गुणले म्हणजे शून्यच यायला हवे. मी म्हटले नियम आहे. तो म्हणाला नियम कोणी केला? मी निरुत्तर. कृपया माझ्यासारख्याला समजेल असे सांगावे. — एक आजोबा, सांगली

आजोबा, नमस्कार. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावता येईल, कारण तुम्ही ते लहानपणी खिशात घेऊन हिंडलाय.

आठवून बघा, दशमान पद्धत १९५७ च्या एप्रिलमध्ये आली त्याच्या आधीची नाणी. १५ ऑगस्ट १९५० ला आपल्या प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली, ती सात होती. पैसा, त्यावर घोडा होता. अर्धा आणा, ज्याला जुनी माणसं ढब्बू म्हणायची. आणा. दोन आणे म्हणजे चवली. चार आणे म्हणजे पावली. आठ आणे म्हणजे अधेली. आणि रुपया, त्यावर गव्हाची कणसं. आता प्रत्येकात पैसे किती ते नातवाला लिहायला सांगा, रुपयापासून खाली: ६४, ३२, १६, ८, ४, २, १. शेजारी दोनाचे घात लिहा: २^६, २^५, २^४, २^३, २^२, २^१, आणि शेवटी पैशाच्या शेजारी काय येतं? एक एक पायरी उतरताना वरचा आकडा एकाने कमी होतोय आणि नाण्याची किंमत निम्मी होतेय, तर २^१ च्या खालची पायरी २^०, आणि २ चं निम्मं १. पैसा म्हणजे २^०. तो काही नाहीसा झालेला नाही, खिशातच आहे, फक्त त्याची अजून एकदाही दुप्पट झालेली नाही.

नातवाची गफलत कुठे होतेय तर तो शून्याने गुणतोय. शून्याने गुणणं वेगळं आणि एकदाही न गुणणं वेगळं. आज दुकानात एकही गिऱ्हाईक आलं नाही म्हणून दुकान गायब होत नाही ना, तसंच. म्हणूनच वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलं की एकापासून निघा, एक दुणे दोन. शून्य वेळा 'दुणे' म्हटलं तर कुठे आहोत आपण? निघालो तिथेच, एकावर.

आणि नातू चौकस दिसतोय, तर गाडी अशीच पुढे न्या. आता पैशाऐवजी रुपयाला १ माना. रुपया २^०. अधेली म्हणजे अर्धा. पावली म्हणजे पाव. चवली म्हणजे रुपयाचा आठवा भाग, आणा सोळावा, ढब्बू बत्तिसावा, पैसा चौसष्टावा. वरचा आकडा शून्याच्या खाली उतरला की उणे एक, उणे दोन, असं करत पैसा म्हणजे २ चा उणे ६ वा घात, उत्तर १/६४. उणे घातांक आला की मुलांना वाटतं उत्तर पण उणे येणार, पण पैसा कितीही लहान असला तरी तो उधारी थोडाच आहे, नाणंच आहे. हा भाग नातवाला शाळेच्या आधी आजोबांकडून कळला तर बिघडतं काय.

एकच गोष्ट, पैशाच्या खाली 'पै' होती ती मध्ये आणू नका, एका पैशात तीन पै, तिथे दोनाची सगळी साखळी मोडते. जुनी नाणी घरात असतील तर तीच दाखवा, ट्रंकेच्या तळाशी एखाददुसरं निघतंच.

प्रश्न: मी आठवीत आहे. (-२)^४ चं उत्तर १६ आणि -२^४ चं उत्तर -१६ असं का? मला दोन्ही सेमच दिसतात. माझा एक मार्क गेला. — एक विद्यार्थिनी, लातूर

टोपी ज्याच्या डोक्यावर त्याचीच. -२^४ मध्ये टोपी फक्त २ च्या डोक्यावर आहे, उणे चिन्ह बाजूला उघड्या डोक्याने उभं आहे, म्हणून आधी २^४ = १६ करायचं आणि मग पुढे उणे लावायचं. (-२)^४ मध्ये कंसाने दोघांना एका छत्रीत घेतलंय आणि टोपी कंसाच्या डोक्यावर, म्हणून उणे दोनच चार वेळा घ्यायचा, उणे उणे अधिक, परत उणे उणे अधिक, १६. घातांक तीन असता तर दोन्हीकडे -८ आलं असतं आणि तुझी चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. आणि तुझ्या सरांना एक मार्क कापल्याबद्दल माफ कर, पेपरात हे मुद्दाम असंच घालतात, मीही घालते.

प्रश्न: मुलीला सीबीएसईमधून काढून स्टेट बोर्डाच्या सेमी-इंग्लिशला घातलं. आधी एक्स्पोनंट होता, आता पुस्तकात इंडेक्स आहे, क्लासवाले पॉवर म्हणतात, आणि आजी घातांक म्हणते. हे चार वेगळे विषय आहेत का? — एक वडील, पुणे

एकच विषय, चार पाट्या. खालचा मोठा आकडा म्हणजे पाया, इंग्रजीत बेस. वरचा बारका आकडा म्हणजे घातांक, त्यालाच इंडेक्स म्हणतात आणि त्यालाच एक्स्पोनंट. पॉवर म्हणजे खरं तर घात, आठ हा दोनाचा तिसरा घात, पण बोलताना सगळे त्या बारक्या आकड्यालाच पॉवर म्हणतात आणि त्यावर वाद घालण्यात काही हशील नाही. मुलीला एवढंच सांगा की मॅडम जो शब्द वापरतील तो पेपरात लिही, आणि घरी आजीशी बोलताना घातांक म्हण.

मराठी शब्दाची गंमत मात्र तिला जरूर सांगा. घात म्हटलं की वर्गात हमखास कोणीतरी 'बाई, घात झाला!' म्हणून ओरडतं. जुन्या संस्कृत गणितात गुणाकारालाच घात म्हणायचे, वध आणि हनन असेही शब्द होते, लीलावतीत गुणाकार कसा करायचा ते सांगताना चक्क 'हन्यात्' म्हणजे 'मारावा' असं क्रियापद आहे, आकड्याने आकड्याला हाणायचं. आणि शेतकऱ्याच्या घरची मुलं असतील तर ती सांगतील की घात म्हणजे पेरणीला रान तयार असण्याची वेळ, वाफसा. माझे वडील म्हणायचे घात निघून गेली की बी वाया. आता हे दोन शब्द आतून एकच आहेत की नुसते सारखे ऐकू येतात ते भाषेवाल्यांना विचारा, मी गणिताची.

प्रश्न: मी सहावीत आहे. बाबांचा फोन १२८ जीबी आहे, आईचा ६४ आणि दादाला २५६ वाला पाहिजे. १०० किंवा २०० जीबी का नसतो? — एक मुलगी, चिपळूण

अगं किती छान विचारलंस! फोनच्या आत खूप बारीक बारीक स्विच असतात आणि प्रत्येक स्विच एकतर चालू नाहीतर बंद, तिसरं काही नाही. समजा फोनला आतली प्रत्येक जागा ओळखायला पत्ता पाहिजे आणि तो पत्ता या स्विचनीच लिहायचाय. एक स्विच असेल तर पत्ते दोनच, चालू आणि बंद. दोन स्विच असतील तर चार: दोन्ही चालू, दोन्ही बंद, पहिला चालू दुसरा बंद, पहिला बंद दुसरा चालू. तीन असतील तर आठ, तू वहीत सगळे लिहून बघ, एकही सुटता कामा नये. सात स्विचना १२८ पत्ते होतात. आता पत्त्यात अजून एक स्विच वाढवला की ते १५० किंवा २०० होत नाहीत, सरळ दुप्पट होतात, २५६. मध्ये थांबायचं म्हटलं तर बरेचसे पत्ते नुसते रिकामे पडून राहणार, मग कंपन्या जागा सहसा दुपटीदुपटीनेच वाढवत नेतात. म्हणून दादाला १२८ पुरत नसेल तर बाबांच्या खिशाला एकदम २५६ चा खड्डा. व्हॉट्सअॅपचा ग्रुप पण आधी २५६ जणांचा होता आणि आता १०२४ चा आहे, ही माणसं पण कुठून कुठे गेली बघ.

दादा २०४८ नावाचा गेम खेळतो का? दोन आणि दोन चिकटले की चार, चार आणि चार चिकटले की आठ, तोच. त्यातला २०४८ हा २ चा कितवा घात ते शोध. १२८ हा सातवा, तिथून एक एक पायरी चढत जा, बोटांवर मोज, आणि उत्तर दादाला आधी सांगू नकोस, त्याला येतंय का बघ.